स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? कडक झालेल्या यकृताचं एक प्रकरण

रुग्णाच्या संमतीने हे प्रकरण लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२३ मध्ये एक प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे, म्हणजे यकृताच्या डॉक्टरकडे, आल्या. वय ४७, गाव तालुक्याचं, घर माळकरी, आहार पूर्ण शाकाहारी. दारूचा प्रश्नच नव्हता. उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय ४१.७. नऊ वर्षांचा मधुमेह, तीन गोळ्या चालू, तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९. आदल्या वर्षी पाच महिने सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या, वजनही उतरवणाऱ्या औषधाची गोळी घेऊन झाली होती. चार किलो उतरले, पण मळमळ सोसेना आणि खर्चही झेपेना, म्हणून ती बंद केली. त्यांना इथे ताई म्हणतो, दवाखान्यातही सगळे तेच म्हणायचे.

खरं तर त्या माझा सल्ला घ्यायला आल्याच नव्हत्या. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया दुसरीकडे ठरली होती, मे महिन्याच्या सुट्टीतली तारीखही मिळाली होती. जावेची दोन वर्षांपूर्वी मिनी बायपास झाली होती. तिचं चाळीस किलो वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं, म्हणून यांनाही तीच हवी होती. रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारं द्रव्य, जास्त दिसल्यामुळे भूलतज्ज्ञांनी ‘लिव्हरच्या डॉक्टरांची सही आणा’ एवढंच सांगितलं होतं. ताईंचे यजमान म्हणाले, “बाकी सगळं ठरलंय डॉक्टर, तुमची तेवढी सही राहिली आहे.”

फाइल चाळली. सहा वर्षांतल्या चार सोनोग्राफींवर एकच ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड २. त्या ओळीवर कोणीच काही केलेलं नव्हतं. ‘तेलकट कमी खा’ असं एकदा सांगितलं गेलं होतं, तेवढंच.

अडचण

ताजे आकडे असे होते: एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं द्रव्य) ६२, एसजीपीटी ७८, प्लेटलेट १ लाख ६८ हजार. वय आणि हे तीन आकडे एकत्र मांडून फिब-४ नावाचा निर्देशांक काढतात, त्याला वेगळा खर्च नाही. ताईंचा आला १.९६. तो १.३ च्या खाली असता तर पुढच्या टप्प्यातल्या फायब्रोसिसची, म्हणजे यकृतात साचत जाणाऱ्या कडक व्रणांची, शक्यता फार कमी धरली असती. २.६७ च्या वर असता तर ती बरीच धरली असती. हा मधला आकडा होता, म्हणून फायब्रोस्कॅन केला, म्हणजे बाहेरूनच यकृताचा कडकपणा मोजला. स्थूल रुग्णांसाठीचा मोठा प्रोब वापरूनही कडकपणा १४.२ किलोपास्कल आला.

पंधरा किलोपास्कलच्या वर असता, तर सिरोसिसच्या, म्हणजे व्रणांनी यकृताची घडणच बदलण्याच्या, दिशेची जुनी इजा जवळजवळ नक्की मानली असती. दहाच्या खाली असता तर हायसं वाटलं असतं. चौदा म्हणजे एफ-३, म्हणजे सिरोसिसच्या अलीकडचा टप्पा, असेल किंवा सिरोसिसची सुरुवात असेल. कोणती शस्त्रक्रिया चालेल आणि कोणती धोक्याची ठरेल, हे या दोन शक्यतांवर अवलंबून होतं.

बाकी चित्र त्यातल्या त्यात बरं होतं. बिलिरुबिन ०.९, यकृतात बनणारं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.९, रक्त गोठण्याचा आयएनआर १.१, म्हणजे यकृताचं काम ठीक, पोटात पाणी नाही. कडकपणा पंधराच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असल्या, तर यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब धोकादायक पातळीला पोचलेला नसतो, असं सहसा धरलं जातं. पण तेरा-चौदा किलोपास्कलच्या रुग्णात, तेही एवढ्या वजनाच्या, मला या आकड्यावर सगळा भार टाकवेना. एंडोस्कोपी करून घेतली. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा नव्हत्या. मात्र खालच्या टोकाला आम्लाने हलकी जळजळ झालेली आणि छोटा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, दिसला. ताई म्हणाल्या, “पित्त तर मला कायमचंच आहे.” ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सही मी त्या दिवशी केली नाही. सर्जनना फोन केला. आम्ही दोघं, भूलतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र बसून ठरवू, असं म्हणालो. त्यांनी ते मनापासून मानलं, हे इथे नोंदवतो.

पर्याय

शस्त्रक्रिया नकोच, हा पहिला पर्याय. दहा टक्के वजन उतरलं आणि उतरलेलं टिकलं, तर यकृताची सूज शमते आणि बऱ्याच जणांमध्ये व्रणही मागे हटतात. ताईंनी गेल्या नऊ वर्षांत तीनदा सहा-सात किलो उतरवून परत मिळवले होते. त्यांना पुन्हा ‘चाला आणि कमी खा’ एवढंच सांगून पाठवणं मला अन्यायाचं वाटलं. आज वापरात असलेली आठवड्याच्या इंजेक्शनची औषधं भारतात वजनासाठी २०२५ मध्ये आली, त्यामुळे २०२३ मध्ये ती वाट नव्हती.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा पुरावा भक्कम होता. फ्रान्समधल्या लील शहरातल्या गटाने शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी पुन्हा यकृताचा तुकडा काढून तपासला. ८४ टक्के रुग्णांत यकृताची सूज संपलेली होती आणि सुमारे ७० टक्क्यांत फायब्रोसिस कमी झालेलं होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०२१ मध्ये ११५८ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. सिरोसिस, यकृताचा कर्करोग, प्रत्यारोपण किंवा यकृतामुळे मृत्यू, असा मोठा प्रसंग दहा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २.३ टक्क्यांवर आला, न झालेल्यांपैकी ९.६ टक्क्यांवर.

पण हे आकडे मुख्यतः स्लीव्ह आणि जुन्या पद्धतीच्या रू-एन-वाय बायपासचे आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, उरते एक नळी. अन्नाची वाट बदलत नाही. रू-एन-वाय बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वगळून पुढे जातं. या दोन्हींत यकृताला फायदा फक्त वजनामुळे होत नाही. भूक आणि इन्सुलिन सांभाळणारे आतड्यातले संप्रेरक बदलतात, पित्ताम्लांची ये-जा बदलते, यकृतात नवी चरबी बनण्याचा वेग कमी होतो. दोन्हींत यकृतासाठी चांगली कोणती, याचं उत्तर इटलीतल्या ब्रेव्ह्ज चाचणीने २०२३ मध्येच दिलं. फायब्रोसिस न वाढता सूज गेलेल्यांचं प्रमाण एका वर्षानंतर बायपासमध्ये ५६ टक्के, स्लीव्हमध्ये ५७ टक्के आणि नुसत्या जीवनशैली-बदलात १६ टक्के होतं. म्हणजे यकृताची सूज घालवण्यात दोघी जवळजवळ सारख्या.

जावेची मिनी बायपास मात्र वेगळी चीज आहे. तिच्यात जठराची लांबट पिशवी करून ती आतड्याला बरीच खाली, दीड-दोनशे सेंटिमीटरवर, एकाच ठिकाणी जोडतात. वजन छान उतरतं, साखर तर फारच छान. पण वगळलेलं आतडं जितकं लांब, तितकं प्रथिन आणि जीवनसत्त्वांचं शोषण कमी. माझी भीती इथे होती, आणि तिला जुना इतिहास आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत अमेरिकेत आतड्याचा फार मोठा भाग वगळणारी जेजुनोइलियल बायपास केली जायची. वजन भरभर उतरे, आणि काही रुग्णांचं यकृत निकामी होई. ती शस्त्रक्रिया शेवटी सोडून द्यावी लागली. कारणं आता बरीच कळली आहेत. शरीरातली चरबी वेगाने वितळून यकृताकडे येते. ती यकृताबाहेर धाडायला प्रथिनांचं वेष्टन लागतं, नेमकं तेच कमी पडतं. शिवाय वगळलेल्या आतड्यात जंतू माजतात आणि त्यांची विषारी द्रव्यं पोर्टल शिरेतून थेट यकृतात पोचतात. आजची मिनी बायपास म्हणजे ती जुनी शस्त्रक्रिया नव्हे, निरोगी यकृताच्या रुग्णाला ती मानवते. जावेला मानवलीच होती. पण यकृत आधीच कडक, घर शाकाहारी, वर्षाला चोवीस एकादश्या. या परिस्थितीत मी मिनी बायपासला ठाम नकार दिला. सर्जननीही दुसऱ्या बैठकीत तो मान्य केला.

उरल्या दोन. रू-एन-वाय बायपासच्या बाजूने ताईंचं पित्त आणि मधुमेह. स्लीव्हने आम्लाचा त्रास वाढू शकतो, बायपासने सहसा शमतो. स्लीव्हच्या बाजूने सिरोसिसची शक्यता. यकृत सिरोसिसचं निघालं, तर शस्त्रक्रिया छोटी आणि आतड्याच्या जोडाशिवायची असलेली बरी. पुढेमागे पित्तनलिकेत दुर्बीण घालावी लागली तर वाट सरळ राहते. कधी प्रत्यारोपणाची वेळ आली, तर औषधांच्या शोषणाचा घोळ कमी.

निर्णय

सगळं एका प्रश्नापाशी येऊन थांबत होतं: एफ-३ की सिरोसिस? मानेतल्या शिरेतून नळी घालून पोर्टल दाब थेट मोजता येतो आणि त्याच वाटेने यकृताचा तुकडाही घेता येतो. आम्ही ती तपासणी केली नाही. त्यासाठी ताईंना वेगळ्या शहरात दोन दिवस दाखल व्हावं लागलं असतं, खर्च वाढला असता, आणि एंडोस्कोपी स्वच्छ होती. त्याऐवजी असं ठरवलं: पोटात दुर्बीण घातल्यावर आधी यकृत पाहायचं. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर रू-एन-वाय बायपास. बारीक गाठाळ दिसला, पण जठराभोवती फुगलेल्या शिरा नसल्या, तर स्लीव्ह आणि सोबत हर्नियाची दुरुस्ती. शिरा किंवा पाणी दिसलं तर फक्त बायोप्सी घेऊन पोट बंद.

म्हणजे एका संमतिपत्रात तीन शेवट. ते समजावून सांगायला दीड तास लागला. यजमान म्हणाले, “एकदाच काय ते ठरवा ना डॉक्टर.” ताईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला: “म्हणजे शुद्धीवर आल्यावर मला कळणार, माझं कोणतं ऑपरेशन झालं ते?” हो, तसंच, म्हणालो. त्यांनी एक रात्र मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

विम्याचं काम बीएमआय चाळीसच्या वर असल्यामुळे अडलं नाही. पण एक गोष्ट मनाला लागते. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत बीएमआय ३५ ते ४० असलेल्यांसाठी ज्या आजारांची यादी आहे, तीत हृदयविकार आहे, तीव्र स्लीप अॅप्निया आहे, आटोक्यात नसलेला मधुमेह आहे, यकृत नाही. ताईंचं वजन दहा किलोने कमी असतं आणि साखर ताब्यात असती, तर हेच कडक यकृत घेऊन त्यांना सगळे पैसे खिशातून भरावे लागले असते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

आधी दोन आठवडे अतिकमी उष्मांकाचा आहार दिला. त्याने यकृताचा डावा भाग आक्रसतो आणि जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. मेच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. सर्जननी मला आत बोलावून घेतलं. पडद्यावर यकृत दिसलं. पिवळट, कडा बोथट, आणि पृष्ठभागावर बारीक रव्यासारखे उंचवटे. शिरा नव्हत्या, पाणी नव्हतं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. ठरलेल्या नियमाप्रमाणे स्लीव्ह झाली, हर्निया दुरुस्त केला, यकृताच्या कडेचा तुकडा आणि सुईने खोलातला तुकडा असे दोन नमुने घेतले.

दहा दिवसांनी अहवाल आला. खोलातल्या तुकड्यात सूज, फुगलेल्या पेशी आणि एफ-३ फायब्रोसिस. सिरोसिस नाही. कडेचा तुकडा थोडा अधिक व्रणाचा दिसला. तसा तो दिसतोच, कारण यकृताच्या आवरणालगत धागे मुळात जास्त असतात. म्हणजे डोळ्यांना जे सिरोसिससारखं वाटलं, ते सिरोसिस नव्हतं. ताईंना बायपास करता आली असती.

हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “सिरोसिस नाही ना, मग झालं.”

तिसरा महिना

सहा आठवड्यांनी एसजीपीटी ५२ वर आलं होतं, वजन ९२. सगळं मार्गावर होतं. मग ८ ऑगस्टला ताई आल्या तेव्हा चेहरा ओढलेला, केस गळत होते, पावलांवर हलकी सूज होती. वजन ८४. एसजीपीटी ११८. अल्ब्युमिन ३.० वर घसरलेलं. यजमान चिडले होते. “लिव्हर सुधारायला ऑपरेशन केलं, आता लिव्हरच बिघडलं.” त्यांचा राग मला समजत होता.

स्लीव्हनंतर क्वचित पोर्टल शिरेत गुठळी होते, म्हणून त्याच दुपारी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केलं. शीर मोकळी होती. पावसाळा असल्याने कावीळ ए आणि ई तपासल्या, बी आणि सी तपासल्या, काही नाही. मग आहारतज्ज्ञ ताईंजवळ बसल्या आणि त्यांनी एकच विचारलं: काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?

२०२३ साली अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. ताईंनी महिनाभर एकभुक्त राहायचं व्रत धरलं होतं. पूर्वी एकभुक्त म्हणजे एका वेळी पोटभर जेवण. आता नळीएवढ्या जठरात एका वेळी मावत होती वरणभाताची एक वाटी. संध्याकाळी कपभर दूध. गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या म्हणून त्याही दिवसातून एकदाच, अर्ध्या राहून जात. गेला आठवडाभर उलट्याही होत्या. हिशेब केला तर दिवसाला पंचवीस ग्रॅम प्रथिनसुद्धा होत नव्हतं. हवं होतं साठ ते सत्तर.

मिनी बायपासमध्ये आतडं वगळल्याने जे घडेल म्हणून मी घाबरत होतो, ते इथे आतडं पूर्ण शाबूत असताना ताटाच्या बाजूने घडलं होतं. चरबी वेगाने वितळून यकृताकडे येत होती आणि ती बाहेर धाडायला प्रथिन नव्हतं.

उलट्यांमुळे आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं. ते लांबवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मग व्रताचा विषय निघाला. आठ दिवस उरले होते. व्रत मोडायचं म्हटल्यावर ताई रडू लागल्या. सोबत आलेल्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “उरलेले आठ दिवस मी एकभुक्त राहते. तू जेव.” विषय तिथे मिटला.

आहारतज्ज्ञांनी दिवसाचे सहा छोटे भाग पाडून दिले: दूध, घट्ट दही, पनीर, मुगाचं धिरडं, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, सोयाबीन, आणि दोन वेळा व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, पावडर. एकादशीला साबुदाणा बंद, त्याऐवजी राजगिरा, दही, दाण्याची आमटी आणि दुधातली तीच पावडर. पाच आठवड्यांत एसजीपीटी ६० वर आलं, अल्ब्युमिन ३.५. सहाव्या महिन्यात ते ३.८ झालं. पित्तखडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवल्या, खडे झाले नाहीत.

निष्पत्ती

एका वर्षाने वजन ७४, म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे २९ टक्के उतरलं. एचबीए१सी ६.३, मधुमेहासाठी औषध फक्त मेटफॉर्मिन. एसजीपीटी २८. फायब्रोस्कॅन ८.६ किलोपास्कल. दोन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, वजन ७७ आणि कडकपणा ७.९. सूज उतरली की कडकपणाही उतरतो, त्यामुळे यातलं किती व्रण मागे हटल्यामुळे, हे स्कॅनवरून सांगता येत नाही. पुन्हा बायोप्सी ताईंना नको होती, मीही आग्रह धरला नाही. सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी चालू आहे.

पित्त मात्र वाढलं. रोज आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल लागतं, तरी रात्री उशा दोन घ्याव्या लागतात. दुसऱ्या वर्षीच्या एंडोस्कोपीत जळजळ एक पायरी वर गेलेली दिसली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक माझ्याकडे येण्याआधीची आहे आणि ती एका माणसाची नाही. फाइलमध्ये २०१९ चे आकडे होते: वय ४३, एसजीओटी ५४, एसजीपीटी ७०, प्लेटलेट १ लाख ९५ हजार. मी नंतर त्यावरून फिब-४ काढला. १.४२. चार वर्षांपूर्वीच फायब्रोस्कॅन करायला हवा होता. ‘ग्रेड २’ ही ओळ चरबी किती ते सांगते, व्रणाबद्दल काहीच सांगत नाही. मधुमेह असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर हा हिशेब झाला पाहिजे, असं मी आता भेटेल त्या फॅमिली डॉक्टरांना सांगतो.

पोर्टल दाब मोजायची तपासणी आम्ही टाळली, ती आज मी टाळणार नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डोळ्यांनी यकृत पाहून निवड करणं हा सर्वांत कमी भरवशाचा टप्पा होता आणि आम्ही सगळा निर्णय त्यावर टांगला. आधीच तुकडा मिळाला असता तर ताईंना बहुधा बायपास झाली असती आणि रात्रीची जळजळ वाचली असती. त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं ते पाहता स्लीव्हच करणं योग्य होतं, हे मात्र मी अजूनही म्हणतो.

तिसरी गोष्ट साधी. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना आम्ही शाळेची सुट्टी पाहिली, पंचांग पाहिलं नाही. आता आमच्या आहारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत पुढच्या सहा महिन्यांतले उपवास लिहून घेतात: चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र, जैन घर असेल तर पर्युषण, मुस्लिम घर असेल तर रमजान. घरात स्वयंपाक कोणाच्या हाती आहे तेही विचारतात आणि त्या व्यक्तीला सोबत बोलावतात.

सध्या प्रश्न आहे तो स्लीव्हची रू-एन-वाय बायपास करून घ्यायची का, हा. पित्तावर तो उपाय आहे, आणि यकृत आता ती सोसेल अशा स्थितीत आहे. ताईंना दुसरी शस्त्रक्रिया नको वाटते. सहा महिने औषधाचा डोस वाढवून पाहायचा आणि मग पुन्हा एंडोस्कोपी, असं ठरलं आहे. त्यांनी तारीख कार्तिकी एकादशीनंतरची मागितली आहे.